खरेदीची वाट थोडी अवघड करून ठेवा

महोदय,

दसरा-दिवाळीचे सेल जवळ आले की ‘गरज आणि हौस यांतला फरक ओळखा’ हा सल्ला सगळीकडे छापून येतो. सल्ला खोटा नाही, पण रात्री अकरा वाजता मोबाइल हातात असताना तो कुणाला आठवतो? पत्ता भरलेला, कार्ड साठवलेले, बोट टेकवले की वस्तू घरी. खर्च आवरायचा तर मनाला बजावण्याआधी या वाटेत दोन-चार अडथळे घालावे लागतात.

पहिले काम कार्डाचे. १ ऑक्टोबर २०२२ पासून खरेदीच्या अ‍ॅपना कार्डाचा क्रमांक साठवता येत नाही, ती ‘टोकन’ म्हणजे त्या क्रमांकाऐवजी मिळणारा सांकेतिक क्रमांक साठवतात. अ‍ॅपच्या पेमेंट सेटिंगमधून हे टोकन काढून टाकता येते. शिवाय बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा ऑनलाइन वापर बंद करण्याची सोय आहे. तो बंदच ठेवावा. रेल्वेचे तिकीट काढायचे असेल तेव्हा चालू करायला दोन मिनिटे पुरतात. पाकीट शोधून सोळा आकडे भरायचे म्हटले की बऱ्याच वस्तू आपोआप नकोशा होतात.

यूपीआयला पगाराचे खाते जोडूच नये. दुसऱ्या बँकेत साधे बचत खाते उघडावे आणि यूपीआयला तेवढेच जोडावे. मूलभूत बचत खात्याला किमान शिल्लक लागत नाही. मात्र ते असेल त्या बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही, म्हणून बँक वेगळी हवी. दर शनिवारी आठवड्याची रक्कम तिकडे वळवायची. ही रक्कम मनाने ठरवली की फसते. मागच्या तीन महिन्यांचे स्टेटमेंट काढून सरासरी काढावी आणि सुरुवातीला त्यातून दहा टक्केच कमी करावेत. एकदम निम्म्यावर आणले तर दुसऱ्याच आठवड्यात मोठ्या खात्यातून उचल होते आणि बेत बारगळतो. दुसरी फसगत वार्षिक खर्चांची: शाळेची फी, विम्याचा हप्ता, गणपती, दिवाळी. यांची बेरीज करून बाराने भागावी आणि तेवढ्याचे आवर्ती ठेव खाते काढावे. यूपीआय लाइट म्हणजे छोट्या खर्चासाठी यूपीआयमध्येच आधी पैसे भरून ठेवायचे पाकीट; त्याला पिन लागत नाही आणि पासबुकात फक्त पैसे भरल्याची नोंद दिसते, प्रत्येक खरेदीची नाही. निदान त्यात आपोआप पैसे भरणे तरी बंद करावे.

‘नो-कॉस्ट ईएमआय’चे, म्हणजे बिनव्याजी म्हणून दिल्या जाणाऱ्या हप्त्यांचे, गणित मांडून पाहावे. शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले आहे. ३०,००० रुपयांचा फोन सहा हप्त्यांत, व्याज वार्षिक १५ टक्के धरले तर व्याज होते सुमारे १,२७० रुपये. तेवढी सूट आधी देऊन ते झाकले जाते. पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास २२९ रुपये, आपल्याच माथी. त्यात १९९ रुपये प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा कर धरला की या ‘फुकटच्या’ हप्त्यांचा जादा खर्च साडेचारशेच्या वर जातो. एकरकमी पैसे भरणाऱ्याला मिळणारी सूट हुकली असेल तर ती वेगळीच.

किराण्यातली गळती बारीक असते. १४० रुपयांचे सामान, १९९ च्या वर घरपोच फुकट, नाहीतर ३० रुपये; मग ते ३० वाचवायला ६० रुपयांचे वेफर्स घेतले जातात! मोठे पाकीट स्वस्तच असते हाही समज सोडावा. पाकिटावर कमाल किमतीजवळ प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलीटर दर छापलेला असतो, तो ताडून पाहावा. शाम्पूच्या पुड्या अनेकदा बाटलीपेक्षा स्वस्त निघतात.

हवीशी वस्तू कार्टमध्ये टाकून ठेवू नये, कारण तिथूनच ‘तुमची वस्तू वाट पाहतेय’ असे संदेश सुरू होतात. वहीत नाव, किंमत आणि तारीख लिहावी. ५०० रुपयांच्या वरच्या वस्तूला तीन दिवस, ५,००० च्या वर महिनाभर थांबावे. अ‍ॅप मोबाइलमधून काढल्याने त्याचे मासिक शुल्क थांबत नाही, हेही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. यूपीआय अ‍ॅपमधील ‘ऑटोपे’ भागात जाऊन ते रद्द करावे लागते. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायलाच हवी, ती वाचत जावी.

राहिला प्रश्न खोट्या घाईचा. शून्यावर पोचून पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारे घड्याळ, न विचारता बिलात घुसवलेली देणगी किंवा विमा, शेवटच्या पडद्यावर वाढणारे शुल्क या सगळ्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. पैसे भरण्याआधी त्या पडद्याचा स्क्रीनशॉट घ्यावा, कारण नंतर तो पुन्हा दिसत नाही, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. सेलच्या पानभर जाहिराती छापताना आपल्या वृत्तपत्राने हा क्रमांकही कोपऱ्यात छापावा, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे