चोवीस तासांच्या लघवीची तपासणी, केळी आणि भरीत

महोदय,

महिनोन्‌महिने न थांबणारे जुलाब आणि मध्येच चेहरा-मान लालबुंद होऊन अंगाची आग होणे, या तक्रारी आपल्याकडे पोटाचा जुना आजार किंवा पाळी जाण्याचे वय म्हणून अंगावर काढल्या जातात. क्वचित त्यामागे लहान आतड्यातली, संप्रेरक स्रवणारी गाठ असते. अशा गाठींचे न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर हे नाव 2018 मध्ये अभिनेते इरफान खान यांनी स्वतःचा आजार जाहीर केल्यावर अनेकांनी प्रथम ऐकले. आतड्यातल्या अशा गाठीतून सुटणारे सेरोटोनिन हे संप्रेरक यकृताकडून बरेचसे निष्प्रभ केले जाते, त्यामुळे ही लक्षणे बहुधा गाठ यकृतात पसरल्यावरच दिसू लागतात. म्हणून निदानात आणखी वेळ जाणे परवडणारे नसते.

शरीरात सेरोटोनिनपासून बनणारा ‘फाइव्ह-एचआयएए’ हा पदार्थ चोवीस तासांच्या लघवीत मोजतात. केळी, वांगी, टोमॅटो, अननस, अक्रोड यांतूनही हा आकडा वाढतो, त्यामुळे तपासणीच्या तीन दिवस आधीपासून लघवी जमा करून होईपर्यंत ते वर्ज्य असतात. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळी घरचीच, आणि थंडीत शेताशेतांत भरताच्या पार्ट्या. पथ्य सांगितले नाही, तर इथल्या रुग्णाचा अहवाल चुकण्याची शक्यता किती मोठी, हे सांगायला नको.

आमच्या थोरल्या वहिनींच्या बाबतीत तेच झाले. प्रयोगशाळेत डबा हातात देऊन “उद्या सकाळी आणून द्या” एवढेच सांगितले गेले. आकडा वाढलेला आला, घरात कॅन्सरची धास्ती बसली, आणि एका ज्येष्ठ डॉक्टरांनी “आदल्या दिवशी काय जेवला होतात?” असे विचारल्यावर शेतातले भरीत आणि रोजची केळी बाहेर आली. पथ्य पाळून केलेली दुसरी तपासणी व्यवस्थित आली. मधल्या काळात त्या माउलीने जे सोसले, ते टाळता आले असते.

अशा गाठींच्या शोधासाठी होणाऱ्या क्रोमोग्रॅनिन-ए आणि गॅस्ट्रिन या रक्ततपासण्यांचेही असेच आहे. ॲसिडिटीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोलसारख्या गोळ्यांनी दोन्ही आकडे वाढतात. मात्र त्या गोळ्या कधी आणि कशा थांबवायच्या हे डॉक्टरांनीच ठरवावे. विशेषतः अल्सरच्या रुग्णाने त्या परस्पर बंद करू नयेत.

माझी मागणी साधी आहे. जिल्ह्यातील प्रत्येक प्रयोगशाळेने डब्यासोबत मराठीत छापलेली चिठ्ठी द्यावी: काय खायचे नाही, कोणती औषधे चालू आहेत हे कोणाला सांगायचे, सकाळची पहिली लघवी टाकून देऊन दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंत सगळी कशी साठवायची. केळी खाल्ल्याने अशी गाठ होते, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. दोष पिकाचा नाही, न दिलेल्या सूचनेचा आहे. आणि अहवाल व्यवस्थित येऊनही त्रास चालूच राहिला, तर तेवढ्यावर न थांबता एंडोस्कोपी, सीटी किंवा अशा गाठी दाखवणाऱ्या गॅलियम डोटाटेट पेट स्कॅनची गरज आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

— एक केळी उत्पादक, ता. रावेर, जि. जळगाव