इराकचा मानी, चीनचा बुद्ध

प्रिय बाळ्या,

पत्राचं उत्तर द्यायला महिना लावला, शिव्या भेटल्यावर घाल. सध्या कसला नाद लागलाय विचारलंस ना, तर इराककडच्या एका माणसाचा, जो चीनमध्ये जाऊन चक्क बुद्ध होऊन बसलाय.

नाव मानी, जन्म इसवी सन २१६ चा. प्रकाश आणि अंधार ही दोन मूळ तत्त्वं, प्रकाशाचे कण जगात अडकलेत ते सोडवायचे, असं त्याचं म्हणणं. त्याचे साधू मांसाला शिवायचे नाहीत पण काकडी-कलिंगड आवडीने खायचे, त्यात प्रकाश जास्त म्हणे! इराणच्या राजाने त्याला तुरुंगात टाकलं, तिथेच गेला. पण चेले व्यापाऱ्यांच्या वाटेने पूर्वेकडे सरकत राहिले आणि ६९४ मध्ये त्यांचा ग्रंथ थेट चीनच्या सम्राज्ञी वूच्या दरबारात पोचला. ७३२ मध्ये फर्मान निघालं, हा पंथ बुद्धाचं नाव घेऊन लोकांना फसवतो, परदेशी लोकांनी पाळला तर पाळू दे, चिन्यांनी नाही. मग चीनच्या उत्तरेकडच्या उइघुर या तुर्की लोकांच्या खानानेच (राजानेच) हा धर्म घेतला, त्याच्या जोरावर चीनच्या तांग राज्यात मंदिरं झाली, पण ८४० ला उइघुर कोसळले आणि ८४३ ला मंदिरांना टाळं. आधार गेला की कोण विचारतं.

खरी गंमत पुढेच आहे. मानीचे हे लोक चीनच्या दक्षिणेला फूच्येन प्रांतात दडून राहिले. सरकारी बाबू काय करायचे, चिनीत 'मानी'चं 'मोनी' होतं, त्यातलं 'मो' अक्षर बदलून त्याच उच्चाराचं 'सैतान' अर्थाचं अक्षर टाकायचे, म्हणजे हे झाले भाजी खाणारे सैतानपूजक! आणि मूळ अक्षरं कुठली माहितीये? बौद्ध ग्रंथांत आपला संस्कृत 'मणि' ज्यांनी लिहितात तीच. आहे की नाही?

फूच्येनमधल्याच च्वानचौ शहराजवळ त्साओआन नावाचं छोटंसं दगडी देऊळ आहे, आत मानीची १३३९ ची मूर्ती. फोटो बघतच बसलो रे. बुद्धासारखी मांडी घातलेली, पण छातीवर दोन पेडांची दाढी, केस सरळ खांद्यावर, आणि चेहऱ्याच्या दगडाचा रंग बाकी अंगापेक्षा वेगळा. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या बुद्ध म्हणूनच उदबत्ती लावत आले. १९७९ मध्ये तिथेच काळ्या चकचकीत वाडग्यांचे तुकडे सापडले, त्यावर कोरलंय 'प्रकाशधर्म मंडळ'. आपल्या भजनी मंडळाच्या भांड्यांवर नाव घालतात ना, अगदी तस्संच.

काकूंना नमस्कार सांग, आणि दिवाळीत येतोयस का ते कळव.

तुझा,
नंदू