ओखामंडळच्या मच्छीमारांचे कागद वाचून घ्या

मा. सांस्कृतिक मंत्री, गुजरात राज्य, गांधीनगर

स.न.वि.वि.

द्वारकेला जाणारे आम्ही बडोदेकर फेब्रुवारी 2024 पासून ओख्याहून बेट द्वारकेला सुदर्शन सेतूवरून मोटारीने जातो. त्याआधी बोटीशिवाय वाट नव्हती. सोय झाली, तक्रार नाही. हे पत्र आहे ते द्वारकेजवळचे रूपेण बंदर, ओखा आणि बेट इथल्या मच्छीमारांसाठी.

1817 साली इंग्रजांनी ओखामंडळ, म्हणजे द्वारकेभोवतालचा हा मुलूख, बडोद्याच्या गायकवाडांच्या हवाली केला. 1949 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत तो बडोद्याकडेच होता. इतकी वर्षे जिथली वसुली केली, तिथला कागद मराठी कारभाऱ्यांनी केला नसेल, हे मला तरी पटत नाही. (हिशेब ठेवण्यात आमचे पूर्वज भलते हौशी!)

आपल्या सगळ्यांना तिथली माणसे ठाऊक आहेत ती फक्त बंडामुळे. 1857 नंतरच्या धामधुमीत जोधा माणेकच्या वाघेरांनी, म्हणजे तिथल्याच एका जमातीने, द्वारका आणि बेट घेतले. 1859 मध्ये इंग्रजांना आरमार आणून ते परत मिळवावे लागले. 1868 मध्ये त्यांचा दुसरा म्होरक्या मुळू माणेक मारला गेला आणि गोष्ट संपली. वाघेरांतली अनेक घरे आजही समुद्रावर जगतात, खारवे ही दर्यावर्दी जात तर आहेच. पण होड्या कुणाच्या, जाळ्यांवर कर किती, सुकी मासळी कुठे विकली जाई, वादळात होडी गेली तर सूट मिळे का? हे कुणी सांगत नाही. मला लढाईपेक्षा याचेच कुतूहल जास्त.

सयाजीराव महाराजांनी सागरी प्राणितज्ज्ञ जेम्स हॉर्नेल यांच्याकडून तिथल्या समुद्राची पाहणी करवली. अहवाल 1909 आणि 1916 मध्ये छापला गेला. पण तो प्राणिशास्त्राचा. 1926 मध्ये ओखा बंदर सुरू झाले, त्याचाही गौरव होतो. माणसांसाठी मात्र दप्तरच उघडावे लागेल, आणि जुने दप्तर मोडी लिपीत आहे. आमच्या घरांतही आता मोडी वाचणारे क्वचितच सापडतात.

तेव्हा बडोद्याच्या अभिलेखागारातल्या ओखामंडळच्या कागदांची आधी यादी करवा. महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना मोडी शिकवून, मानधन देऊन ते वाचून घ्या. फुकट कामाला कुणी टिकत नाही. गोषवारे गुजरातीत काढा आणि त्यांच्या प्रती रूपेण आणि ओख्याच्या शाळांत ठेवा. पुढच्या अंदाजपत्रकात यासाठी तरतूद होणार का, एवढे उत्तर आपल्याकडून हवे आहे.

आपला,
दांडिया बाजारातला एक मराठी वाचक, बडोदे