किलोमीटर नकोत, मुक्कामाची उंची छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मनाली-लेह सायकल मोहिमांची पत्रके हल्ली कोल्हापुरातही फिरतात. त्यांत रोजचे किलोमीटर असतात, नाश्ता-जेवण असते. रात्री झोपायचे ते ठिकाण किती उंचावर आहे, एवढेच नसते. या रस्त्यावर खरा हिशेब त्याचाच.

विरळ हवेने आजारी पडू नये म्हणून, तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा वैद्यकीय सल्ला आहे. आता जिस्पा ते सरचू हा नेहमीचा टप्पा घ्या. जिस्पा सुमारे ३,२०० मीटरवर, सरचू ४,२०० च्या पुढे, आणि मध्ये ४,८९० मीटरची बारालाचा खिंड. म्हणजे एका रात्रीत हजार मीटरची उडी. मध्ये पत्सेवला, ३,८०० च्या आसपास, मुक्काम टाकला की ती दोन रात्रींत वाटली जाते. पत्रकात 'एक दिवस वाचवला' असे लिहिलेले असते, तो दिवस बहुधा हाच.

पन्हाळा न थांबता चढणाऱ्याला वाटते, आपल्याला काय होतंय! पण छातीतला दम वेगळा आणि विरळ हवा वेगळी. ५,३२८ मीटरच्या तंगलंग ला खिंडीत हवेचा दाब कोल्हापूरच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो. तयारीचा गडीच जोरात पुढे जातो आणि डोके दुखले तर सांगत नाही. डोकेदुखीबरोबर उलटी होत असेल तर पुढे चढायचे नाही. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर मध्यरात्र असली तरी खाली न्यायचे. उंचीचा त्रास टाळण्यासाठीची अॅसिटाझोलामाइडची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, सल्फाची अॅलर्जी असल्यास आधी सांगावी. गोळी घेतली म्हणून टप्पा लांबवता येत नाही.

सायकलीबाबत एकच हट्ट धरावा, गिअरचा. पुढच्या सर्वांत लहान चक्राला २२ आणि मागच्या सर्वांत मोठ्याला ३४ दाते असले, तर मिनिटाला साठ पायडल मारून ताशी सुमारे पाच किलोमीटर वेग पडतो. सामान लादून गाटा लूप्सची २१ वळणे चढायला तोच लागतो. बऱ्याच हायब्रिड सायकलींना पुढे सर्वांत लहान चक्र २८ दात्यांचे असते. पन्हाळ्याला ते चालते, गाटा लूप्सवर गुडघे बोलू लागतात. वजन मागे असल्याने आरे तुटतात ते बहुधा मागच्या चाकाचे, कॅसेटच्या (मागच्या दातेरी चक्रांच्या) बाजूचे. म्हणून त्याच मापाचे चार आरे आणि कॅसेट काढायचा पान्हा सोबत हवा. डिरेलियरचा (गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, तो वाटेत मिळत नाही. कॅरियरचे बोल्ट खडबडीत रस्त्यावर ढिले होतात, रोज संध्याकाळी आवळावेत. उंचीमुळे टायर फुटतो ही समजूत मात्र सोडावी. दाब वाढतो तो फार तर सहा-सात पीएसआय, आणि थंडी त्यातला बराचसा खाऊन टाकते.

थंडी बाधते ती चढताना नव्हे, उतरताना. चढावर बनियन घामाने भिजते आणि उतारावरचा वारा त्याचा बर्फ करतो. खिंडीत पोहोचल्यावर फोटोच्या आधी कोरडे बनियन घालावे, वर वारा अडवणारे जॅकेट. जाड हातमोजे नसतील तर बोटे बधिर होऊन ब्रेक दाबला जात नाही. छातीवर जॅकेटच्या आत वर्तमानपत्र घालणे हा जुना सायकलस्वारांचा उपाय आजही चालतो (आपला अंक त्यासाठीही उपयोगी पडेल!). बर्फ वितळून येणारे ओढे दुपारनंतर फुगतात, ते सकाळीच ओलांडावेत.

मोहीम काढणाऱ्यांनी पत्रकात तीन रकाने छापावेत: मुक्काम, त्याची उंची, आदल्या रात्रीपेक्षा वाढ. खाली दोन ओळी: राखीव दिवस किती, आणि आजारी माणसाला उतरवायला गाडी रात्रीही सोबत असेल का. पैसे भरण्याआधी हे विचारा, अशी वाचकांनाही विनंती.

आपले,
काही सायकलस्वार, कोल्हापूर