कपाचे फोटो पुरे, गुडघ्याचं काय ते छापा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

बारावीचा निकाल लागला की पेपरात कॉलेजांच्या जाहिराती सुरू होतात आणि त्यात एक तरी फोटो फुटबॉल टीमचा असतोच, मधे कप, मागे प्रिन्सिपल, कडेला फिजिकल डायरेक्टर. यंदा ते फोटो मी जरा जास्तच निरखून बघतोय, कारण माझा धाकटा बारावी झाला आणि त्याला तीन कॉलेजांतनं बोलावणं आलंय. पोरगा डावखुरा, लेफ्ट विंगला खेळतो, अंडर सेव्हंटीनच्या कॅम्पला जाऊन आलाय. बाप म्हणून मी चार मार्क जास्त देत असेन, पण मैदानावरचे लोकही देतात. मी गोव्यातल्या फोंड्याचा, कुंडईला फॅक्टरीत इलेक्ट्रिशियन. घरात कोकणी बोलतो, पेपर मराठी वाचतो, लिहायची सवय नाही तेव्हा सांभाळून घ्या.

मोठ्याच्या वेळी आम्ही फसलो होतो म्हणून हे पत्र. कॉलेजचं नाव घेत नाही, घेऊन काय उपयोग. "स्पोर्ट्स कोट्यातनं घेतो, हजेरीचं आम्ही बघतो, तुम्ही निश्चिंत राहा" असं सांगितलेलं आणि आम्ही खरोखरच निश्चिंत राहिलो. पहिल्याच सेमिस्टरला मॅच आणि एका विषयाची आयएसए, म्हणजे सेमिस्टरमधली कॉलेजची परीक्षा, एकाच दिवशी आली, पोरगा मॅच खेळला, लेटर घेऊन गेला, मॅडमनी लेटर वाचलं, फाइलला लावलं आणि मार्क शून्य ते शून्यच. ७५ टक्के हजेरी भरली नाही म्हणून मला रजा काढून अंडरटेकिंगवर सही करायला जावं लागलं. दुसऱ्या वर्षी एका साध्या फ्रेंडलीत त्याचा गुडघा फिरला, एसीएल म्हणजे गुडघ्यातलं लिगामेंट गेलं. मैदानावर फर्स्ट एडचा डबा होता पण त्याची चावी ज्यांच्याकडे ते त्या दिवशी सुट्टीवर. बर्फ आणला तो गेटासमोरच्या मासळीवालीकडनं, प्लास्टिकच्या पिशवीत, त्याला बांगड्याचा वास येत होता. तिने पैसे घेतले नाहीत हेही सांगतो. नंतर खर्चाचं विचारायला ऑफिसात गेलो तर ॲडमिशनच्या वेळचा फॉर्म पुढे केला, खाली बारीक अक्षरात "पालकांच्या जबाबदारीवर" आणि त्याखाली सही माझीच.

आता धाकट्याचं म्हणणं काय, तर बाबा, ते दोन नंबरचं कॉलेज गेल्या साली फायनलला गेलं होतं, तिथेच जाऊया. मी म्हटलं अरे, फायनल खेळलेल्यांत थर्ड इयरची किती होती ते विचारलंस का? ती पोरं मार्कशीट घेऊन गेली, कप तेवढा कपाटात राहिला. तू बघायचं ते हे की तुझ्या जागेवर खेळणारे फर्स्ट आणि सेकंड इयरला किती आहेत. लेफ्ट विंगला दोन चांगले आधीच असतील तर तू दोन वर्षं बिब घालून कडेला वॉर्मअप करत राहणार. घरी पेपरात फोटो येईल टीमचा, त्यात तू असशील पण, शेवटच्या रांगेत.

मग आम्ही दोघांनी ठरवलं की तिन्ही कॉलेजांच्या मैदानांवर न सांगता जायचं, संध्याकाळी चारच्या सुमारास. सांगून गेलं की चहा मिळतो, माहिती मिळत नाही. गेटावर पोराला बघायला आलोय म्हटलं की कोण अडवत नाही. एका ठिकाणी सव्वीस पोरं आणि तीन बॉल, त्यातला एक मऊ झालेला, सगळे गोलावर शॉट मारायला लाईन लावून उभे. दुसरीकडे मैदान एकदम बेस्ट, पण कोचच नाही, विचारलं तर कळलं कोच सीझनपुरता ठेवतात, मॅचेस जवळ आल्या की येतो. तिसरं कॉलेज कधी कप जिंकल्याचं मला तरी आठवत नाही, मैदानावर अर्धं गवत अर्धी माती, पण कोच एकेका पोराला नावाने हाक मारत होता आणि पायाला पट्टी बांधलेला एक मुलगा कडेला बसून वहीत कोणी किती पास दिले ते लिहीत होता. मी त्याला विचारलं कितें जालें, तर म्हणाला घोटा मुरगळलाय, पण सरांनी रोज यायला सांगितलंय. मला ते आवडलं. धाकट्याला नाही आवडलं, त्याला त्या कॉलेजची जर्सी बरी वाटली नाही.

कॉलेजच कशाला, सरळ क्लबात जाऊ दे असंही लोक सांगतात. क्लब सोडायचा नाहीच आहे, टाका गोवा, ती क्लबांच्या तरुण पोरांची स्पर्धा, खेळायलाच हवी. इंटरकॉलेजच्या चारदोन मॅचेसवर कोण फुटबॉलर होत नाही, आणि नॉकआउट असली तर पहिलीच हरली की सीझन खलास. म्हणून कॉलेजला आधीच विचारायचं की क्लबच्या मॅचला सोडणार का. पण क्लबच्या भरवशावर शिक्षण सोडायला मी तयार नाही. आमच्या वेळी धेंपो, साळगावकर हे गोव्याचे क्लब म्हणजे सरकारी नोकरीसारखं पक्कं वाटायचं, धेंपोने तर नॅशनल लीग आणि तिच्या जागी आलेली आय लीग, या देशातल्या क्लबांच्या स्पर्धा धरून पाच वेळा देश जिंकला. आणि २०१६ ला धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग तिघेही आय लीगमधनं बाहेर! धेंपो २०२४ ला परत आला, पण मधल्या आठ वर्षांत जी पोरं अठराची सव्वीस झाली त्यांचं काय? आणि २०२५ च्या जुलैत आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगच होल्डवर गेली तेव्हा मोठेमोठे प्लेअर घरी बसलेले आपण बघितलेच.

यावर पोरगा म्हणतो, इंडियाकडनं खेळलेला आपला ब्रँडन फर्नांडिस कुठल्या कॉलेजात गेलेला? बरोबर आहे रे बाबा. तो पोरवयात केपटाउनच्या अकॅडमीत गेला, इंग्लंडमध्ये ट्रायल्स देऊन आला आणि नाव झालं ते शेवटी इथे एफसी गोवात. पण फोंडा-पणजी बसमध्ये सकाळी बूट गळ्यात अडकवून उभी असलेली पोरं मोज, त्यातले ब्रँडन किती ते सांग.

अमेरिकेचंही आलंच. मडगावला एकजण हॉटेलात पालकांना बोलावून "फुल स्कॉलरशिप" सांगत होता, फी आधी भरायची. माझा चुलतभाऊ न्यू जर्सीला, त्याला फोन लावला, त्याचा मुलगा तिकडच्या शाळेत तो हेल्मेटवाला फुटबॉल खेळतो, आपल्या फुटबॉलला तिकडे सॉकर म्हणतात. तो हसायलाच लागला. म्हणाला तिकडच्या कॉलेजांच्या खेळात डिव्हिजन असतात, त्यातल्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनला २०२५ पर्यंत एका कॉलेजच्या मुलांच्या सॉकर टीमला सगळ्यांत मिळून ९.९ स्कॉलरशिपच द्यायला परवानगी होती, हेल्मेटवाल्या मोठ्या टीमना ८५. म्हणजे पुऱ्या दहाही नाहीत इतक्या भाकऱ्या आणि खाणारे पंचवीस-तीस. आता नियम बदलला, ज्या कॉलेजांनी तो घेतला त्यांना २८ जणांपर्यंत देता येतं, पण देता येतं म्हणजे देतातच असं नाही, आणि खालच्या डिव्हिजन थ्रीत खेळासाठी म्हणून स्कॉलरशिप नाहीच. शिवाय क्लबात प्रोफेशनल करार करून पैसे घेतले असतील तर तिकडे खेळायला मिळण्यातच अडचण. एक गोष्ट मात्र तो चांगली बोलला. तिकडचे आईबाप म्हणे पोराला विचारतात, कोच उद्या दुसरीकडे गेला, नाहीतर तुझा पाय मोडला, तर याच कॉलेजात बसून शिकशील का? मी हाच प्रश्न धाकट्याला त्या दोन नंबरच्या कॉलेजबद्दल विचारला तर तो गप्प. तिथे कोर्स कोणता आहे तेच त्याने बघितलं नव्हतं.

तर माझं मागणं एवढंच की प्रॉस्पेक्टसमध्ये कपाच्या फोटोखाली चार ओळी छापा. मॅचच्या दिवशी आयएसए चुकली तर परत घेणार का, हजेरी धरणार का, ते लेखी. कोच वर्षभर असतो की सीझनपुरता. इन्शुरन्स आहे का आणि असला तर त्यात ऑपरेशन बसतं का. फर्स्ट इयरला टीममध्ये घेतलेल्यांपैकी किती जण थर्ड इयर पास होऊन गेले. चकचकीत कागद नको, झेरॉक्स चालेल.

मोठा आता बरा आहे, वाड्यावरच्या पोरांना संध्याकाळी शिकवतो, स्वतः मात्र टॅकलला जात नाही. धाकट्याचा फॉर्म अजून टेबलावर आहे, कॉलेजच्या नावाची जागा सोडून बाकी सगळा भरलेला. पालकांच्या सहीच्या वरचं बारीक अक्षर यावेळी मी चष्मा लावून वाचलंय आणि त्यातल्या दोन ओळींवर पेनाने काट मारून ठेवलीय, तशा फॉर्मवर कोण ॲडमिशन देतं ते बघायचं आहे.

आपला,
एक फुटबॉलवाल्याचा बाप, फोंडा