डॉक्टर मॅडम, तुम्ही मला विचारलंत

मॅडम, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण चार लोकांसमोर बोलल्याशिवाय राहवत नाही.

भर पावसाळ्यात आमच्या उस्मानाबादी शेळ्या एकेक करून खंगायला लागल्या. जबड्याखाली पाणी उतरायचं, आणि सकाळी वाडा उघडला की एखादी आडवी. तुमच्या आधी आलेल्या साहेबांनी मोटारसायकलवर बसूनच विचारलं, "हगवण आहे का?" नाही म्हटल्यावर, "मग जंत नाहीत." टॉनिकचं इंजेक्शन, पैसे, गाडीला किक. दुकानदार मेंढीच्या मापानं जंताचं पांढरं औषध द्यायचा, तेही सरसकट सगळ्या कळपाला. "शेळीच ती, मरायचीच," हेही ऐकून झालं. भाषणात मात्र शेळी म्हणजे गरिबाची गाय!

तुम्ही आलात तेव्हा आमचे हे पुढे होऊन सांगायला लागले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि मग माझ्याकडे वळून म्हणालात, "ताई, चारायला तुम्ही नेता ना? मग तुम्ही सांगा, कळपात मागे कोण राहते?"

लग्न होऊन आले तेव्हापासून शेळ्या मीच बघते. व्याल्या, आटल्या, कोणी कोणाला शिंग मारतं, सगळं मला ठाऊक. पण दारात आलेल्या कुठल्याच साहेबानं मला विचारलं नव्हतं. बांध चढताना कबरी थांबते, धापा टाकते, तिच्यामागे त्या दोन पाठी, म्हणजे तरण्या शेळ्या, हे मी सांगितलं आणि तुम्ही पहिली कबरीच धरलीत. खाली मांडी घातलीत, माझा अंगठा तिच्या खालच्या पापणीवर ठेवलात. आत पांढरंफटक.

मग समजलं, अंगात रक्तच उरलं नव्हतं, आणि ते जंतानंच. हा जंत शेळीच्या चौथ्या पोटात बसून रक्त पितो. हगवण लागेलच असं नाही, लेंड्या नीट पडतात आणि शेळी आतून रिकामी होते. मादी दिवसाला हजारो अंडी घालते, ओल्या गवतावर अळ्या चढतात. शेळीच्या अंगात औषध मेंढीपेक्षा लवकर संपतं, म्हणून मेंढीचं माप तिला पुरत नाही. आणि औषध फक्त फिक्या डोळ्यांच्या शेळ्यांना, नाहीतर जंत त्याला दाद देईनासे होतात. पापणीचा रंग ताडून बघायचं, दक्षिण आफ्रिकेत तयार झालेलं १ ते ५ रंगांचं ते कार्ड (१ म्हणजे लाल, ५ म्हणजे पांढरंफटक) तुम्ही माझ्या हातात दिलंत, ह्यांच्या नाही.

धावत येणाऱ्या म्हातारीसाठी एसटी थांबवणारा कंडक्टर, स्लिप भरून देताना न खेकसणारा बँकेतला मुलगा, अशी माणसं अधूनमधून भेटतात म्हणून बरं चाललंय. पगार त्यांनाही तेवढाच असतो.

कबरी आता पुढे असते. तिचा डोळा २ वर आलाय. पाठींतली एक मात्र गेली.

कार्ड तुम्ही सांगितल्याप्रमाणे डब्यात, उजेडापासून लांब ठेवते. पण शेजारच्या दोघीजणी सारख्या मागून नेतात. पुढच्या खेपेला अजून दोन आणाल का? पैसे मी देईन.