उद्या शपथविधी एकत्र पाहू

मंडळी,

उद्या सोमवार, २५ जुलै २०२२. सकाळी सव्वादहाच्या सुमारास संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये द्रौपदी मुर्मू राष्ट्रपतिपदाची शपथ घेतील. तलावपाळीची फेरी झाली की पांगू नका. दहाच्या आत सोसायटीच्या हॉलमध्ये या. पावसाने केबल गेलीच, तर मोबाइल आहे.

ओडिशाच्या मयूरभंज जिल्ह्यातल्या उपरबेडा गावच्या, रायरंगपूरला शिक्षिका, १९९७ साली तिथल्याच नगरसेविका, आणि आता देशाच्या पहिल्या आदिवासी राष्ट्रपती! पक्षाचे वाद उद्यापुरते बाजूला (मतदान खासदार-आमदारांचं, आपल्याला मत नव्हतंच म्हणा). येऊरच्या आदिवासी पाड्यावरून रानभाज्या आणणाऱ्या मावशींनाही बोलावलंय. ऐकून त्यांनी टोपली खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "येते की!"

कांदाभजी कोण आणणार, रात्रीपर्यंत कळवा. छत्र्या बाहेर, बादलीत.